आधी विचारा, मग हात द्या

दोन वर्षांपूर्वीच्या रमजानमधली ही गोष्ट. एका चर्चासत्राहून परत येत होते. संध्याकाळचं विमान होतं. एका मोठ्या शहराच्या विमानतळावर मला व्हीलचेअरमध्ये बसवून गेटजवळच्या खांबाशेजारी आणून ठेवलं होतं. खुर्ची ढकलणारा मुलगा "अभी आया, मॅडम" म्हणत दुसऱ्या प्रवाशाला आणायला गेला आणि जाताना शिस्तीत ब्रेक लावून गेला. माझ्या कुबड्या दहा-बारा फुटांवर काउंटरला टेकवून ठेवलेल्या. तिथंच माझी सॅक. सॅकमध्ये खजुराची डबी आणि पाण्याची बाटली. मोबाइलवर मगरिबची वेळ होत आलेली.

माझ्या डाव्या पायाला लहानपणीच पोलिओ झाला. कुबड्यांवर चालणं मला नवं नाही. साताऱ्यात कॉलेजचे जिने रोज चढते, सांगलीला माहेरी एसटीनं जाते. पण त्या खांबाशेजारी मी एकदम परावलंबी झाले. पायातलं बळ सकाळी होतं तेवढंच होतं. फक्त कुबड्या हाताशी नव्हत्या आणि ब्रेकची कळ खुर्चीच्या मागं होती.

समोरच्या बाकावर साठी ओलांडलेल्या एक बाई बसल्या होत्या. फोनवरचं माझं मराठी बोलणं त्यांनी ऐकलं असावं. उठून जवळ आल्या आणि म्हणाल्या, "काय हवंय ताई? पाणी देऊ, का त्या काठ्या आणून देऊ?"

"आधी काठ्या द्या, काकू."

त्यांनी कुबड्या दिल्या, ब्रेक काढला. मी उठले, माझ्या पायांनी सॅकपर्यंत गेले, डबी उघडून रोजा सोडला आणि एक खजूर काकूंच्या हातावर ठेवला. त्या वाईच्या निघाल्या. नंतर विमान लागेपर्यंत आम्ही वाईचा घाट आणि साताऱ्याचे कंदी पेढे यांवर बोलत बसलो.

त्या दिवशी सकाळपासून मला कितीतरी जणांनी मदत केली होती. सगळी माणसं भली होती. पण 'तुम्हाला काय हवंय' हे विचारलं ते एकट्या काकूंनी. आज जे लिहायचं आहे ते एवढ्याचबद्दल.

खरं तर त्या दिवशी रोजा न ठेवण्याची मुभा मला होती. कुरआनमध्ये रोजाचा आदेश जिथं आहे, तिथंच आजारी माणसाला आणि प्रवाशाला सवलतही दिली आहे. त्यांनी राहिलेले रोजे नंतर सोयीनं भरून काढावेत. या सवलतीला आमच्याकडं 'रुख्सत' म्हणतात. आदेश आणि सवलत एका दमात यावी, हे मला नेहमीच मोठं वाटत आलं आहे. दुसरीही एक गोष्ट आहे. ही रुख्सत घ्यायला कुठल्या खिडकीवर रांग लावावी लागत नाही. डॉक्टरांचा सल्ला जरूर घ्यावा, पण मशिदीत जाऊन दाखला दाखवावा लागत नाही. आपल्याला काय झेपतं हे ज्याचं त्यानं अल्लाला साक्षी ठेवून ठरवायचं. मी त्या दिवशी रोजा ठेवायचं ठरवलं, तो माझा निर्णय होता. चालायचं की नाही, हे मात्र माझ्यासाठी दुसऱ्यांनी ठरवलं.

नमाजचंही तसंच आहे. उभं राहून पढावी. उभं राहता येत नसेल तर बसून, बसताही येत नसेल तर आडवं होऊन. पैगंबरांनी आपल्या एका आजारी साथीदाराला सांगितलेल्या या तीन पायऱ्या आहेत. कुणी बसून नमाज पढली म्हणून त्याला मागच्या रांगेत पाठवत नाहीत.

गंमत म्हणजे विमान कंपन्यांकडंही अशाच तीन पायऱ्या आहेत. तिकिटावर इंग्रजी अक्षरांचे तीन सांकेतिक शब्द असतात. पहिला ज्याला पायऱ्या चढता येतात, पण लांब चालवत नाही अशा प्रवाशासाठी. दुसरा पायऱ्या चढता न येणाऱ्यासाठी. तिसरा ज्याला थेट आसनापर्यंत न्यावं लागतं त्याच्यासाठी. म्हणजे कागदावर आम्हाला तीन प्रकारे ओळखलं जातं. प्रत्यक्षात दोनच प्रकार उरतात, चालणारा आणि ढकलायचा. कुबड्यांवरचा माणूस या दोहोंच्या मधला. त्याला खुर्ची कधी हवी असते, कधी नको असते. चेक-इनपासून सुरक्षा तपासणीपर्यंत चालेन, पण गेट पाव किलोमीटरवर असेल तर तिथपर्यंत खुर्ची द्या, एवढं साधं सांगायला गेलं की उत्तर येतं, "मॅडम, घ्यायची तर पूर्ण घ्या, नाहीतर नको म्हणून लिहून द्या."

कुबड्या घेऊन चालणं म्हणजे नेमकं काय, हे पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही. दोन्ही हात अडकलेले असतात. बोर्डिंग पास दातात धरावा लागतो. चहाचा कप घेऊन टेबलापर्यंत जाता येत नाही. ट्रॉली ढकलता येत नाही, म्हणून सगळं पाठीवरच्या सॅकमध्ये. विमानतळावरची चकचकीत फरशी फोटोत छान दिसते, पण नुकताच पोछा मारलेला असेल तर कुबडीचं रबर साबणासारखं सरकतं. पायऱ्या चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी कुबड्या, हा हिशेब डोक्यात सतत चालू. मागून कुणी प्रेमानं दंड धरला तर तो हिशेबच चुकतो. पडायची भीती एकटीनं चालताना नसते एवढी अशा वेळी असते.

सुरक्षा तपासणी हा सगळ्यात अवघड टप्पा. कुबड्या एक्स-रे यंत्रातून जाणार, तेवढा वेळ मी कशाच्या आधारानं उभी राहणार? काही ठिकाणी आधी खुर्ची देतात, मग कुबड्या घेतात. काही ठिकाणी आधी कुबड्या घेतात आणि मग खुर्ची शोधायला जातात. क्रम बदलला की माणसाची अवस्था बदलते. तपासणीला माझी हरकत नाही, ती झालीच पाहिजे. प्रश्न ती कशी होते याचा आहे. अभिनेत्री आणि नृत्यांगना सुधा चंद्रन यांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये जाहीरपणे हेच मांडलं होतं. दर वेळी विमानतळावर कृत्रिम पाय काढून दाखवावा लागतो, याचा त्यांना मनस्ताप होत होता. त्यावर सीआयएसएफनं माफी मागितली. पण सगळ्यांनाच देश ओळखत नाही. ज्याचं नाव कुणाला ठाऊक नाही, अशा जयसिंगपूरच्या किंवा कोरेगावच्या माणसानं हाच अनुभव कुणाला सांगायचा?

कायदा आपल्या बाजूनं आहे, हे आधी सांगायला हवं. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा एप्रिल २०१७ पासून लागू आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, म्हणजे डीजीसीएची, दिव्यांग प्रवाशांसाठी वेगळी नियमावली आहे. मदतीचे पैसे दिव्यांग प्रवाशाकडून घ्यायचे नाहीत, कुबड्यांसारखी साधनं फुकट न्यायची, कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यायचं, असं सगळं त्यात आहे. पण या नियमांमागं माणसांनी सोसलेले अपमान आहेत.

फेब्रुवारी २०१२ मध्ये जीजा घोष या सेरेब्रल पाल्सी असलेल्या कार्यकर्त्या एका परिषदेसाठी कोलकात्याहून गोव्याला निघाल्या होत्या. आसनावर बसल्यानंतर त्यांना विमानातून उतरवण्यात आलं. त्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. मे २०१६ मध्ये न्यायालयानं स्पाइसजेटला दहा लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. प्रश्न दयेचा नसून माणसाच्या प्रतिष्ठेचा आहे, हा त्या निकालाचा गाभा. मे २०२२ मध्ये रांचीच्या विमानतळावर एका दिव्यांग मुलाला विमानात घेतलं नाही. त्याबद्दल इंडिगोला पाच लाखांचा दंड झाला आणि त्याच वर्षी नियम बदलला. आता केवळ अपंगत्व पाहून कंपनीला नकार देता येत नाही. प्रवासात तब्येत बिघडेल असं वाटलं, तर विमानतळावरच्या डॉक्टरांनी तपासून तसं सांगायला हवं.

आणि मुंबईची ती घटना. १२ फेब्रुवारी २०२४ रोजी न्यूयॉर्कहून आलेल्या विमानातून एक वृद्ध जोडपं उतरलं. दोघांनी व्हीलचेअर मागितल्या होत्या, मिळाली एक. पत्नी खुर्चीत बसल्या आणि ऐंशी वर्षांचे पती सोबत चालत निघाले. इमिग्रेशनपर्यंत पोहोचता पोहोचता ते कोसळले आणि गेले. दुसरी खुर्ची येईपर्यंत थांबा, असं त्यांना सांगितलं होतं, पण त्यांनी पत्नीसोबत चालणं पसंत केलं, असं एअर इंडियाचं म्हणणं होतं. डीजीसीएनं कंपनीला तीस लाखांचा दंड केला. मला मात्र राहून राहून वाटतं, ते का थांबले नसतील? एवढा लांबचा प्रवास करून आलेल्या, थकलेल्या माणसाला 'थांबा' म्हटल्यावर किती वेळ थांबायचं, कोण येणार, पत्नी कुठं भेटणार, हे कुणी सांगितलं नाही तर तो चालूच लागणार. त्या खांबाशेजारी कुबड्या हाती असत्या तर मीही तेच केलं असतं.

अलीकडं एक तक्रार वारंवार ऐकू येते. धडधाकट माणसंही रांग चुकवायला व्हीलचेअर मागतात, म्हणून खऱ्या गरजूंना खुर्च्या पुरत नाहीत. ही तक्रार खोटी नाही. नुसती रांग नको म्हणून जो खुर्चीत बसतो, तो कुणाच्या तरी वाट्याची खुर्ची घेतो, हे आपण एकमेकांना स्पष्ट सांगायला हवं. पण यातले बरेच लोक लबाड नसतात, घाबरलेले असतात. आपल्या सातारा-सांगलीची किती मुलं परदेशात आहेत! नातवंडांना भेटायला निघालेले आजी-आजोबा गुडघ्यांपेक्षा जास्त घाबरतात ते इंग्रजी पाट्यांना आणि विमान बदलायच्या घोळाला. रमजानमध्ये उमराहला निघालेल्या आमच्या दादी-नानींचंही तेच. त्यातल्या अनेकींचा हा पहिलाच विमानप्रवास. मुलगा तिकीट काढताना सरळ व्हीलचेअरवर खूण करतो, कारण खुर्चीसोबत एक माणूस मिळतो. त्यांना खुर्ची नकोच असते, तो माणूस हवा असतो. हाताला धरून 'आता इकडं चला' म्हणणारा, शक्यतो त्यांची भाषा जाणणारा. असा नुसता सोबती देण्याची सोय विमानतळांनी केली, तर कितीतरी खुर्च्या मोकळ्या होतील. इथंही मुद्दा तोच. काय हवंय हे विचारलंच जात नाही.

मी खुर्चीच्या विरोधात आहे, असा समज होऊ नये. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक आपल्याकडं अनेकांना ठाऊक आहेत. ऐन तारुण्यात कमरेखालचं शरीर निकामी झालं. पुढं त्यांनी 'हेल्पर्स ऑफ द हॅंडिकॅप्ड' ही संस्था उभी केली आणि कित्येक अपंग मुलामुलींना शिक्षण आणि रोजगार दिला. त्यांच्या आत्मचरित्राचं नावच 'चाकाची खुर्ची' आहे. त्यांच्यासाठी ती खुर्ची म्हणजे बाहेर पडण्याचं साधन. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात जखमी झाले आणि १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक जिंकून आले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. खुर्ची माणसाला कैद करत नाही. आपली खुर्ची आपल्या हातानं चालवणं आणि दुसऱ्यानं ब्रेक लावून ठेवलेल्या खुर्चीत बसून राहणं, यांत मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे.

रमजानमध्ये मला एक जुनी गोष्ट हमखास आठवते. मदिनेत पैगंबरांचे एक साथीदार होते, अब्दुल्ला इब्न उम्मे मकतूम. ते अंध होते. बिलाल रात्री उशिरा अजान देत, ती लोकांना जाग यावी म्हणून. पण खाणं-पिणं थांबवायचं ते इब्न उम्मे मकतूम यांची अजान झाल्यावर. म्हणजे अख्ख्या शहराचा रोजा सुरू व्हायचा तो पहाट पाहू न शकणाऱ्या माणसाच्या आवाजावर. त्यांना पहाट कशी कळायची? लोक सांगायचे, 'पहाट झाली, पहाट झाली.' मग ते अजान द्यायचे. मदत तेवढीच. काम त्यांचं, आवाज त्यांचा, मान त्यांचा. 'तुम्ही बसा, आम्हीच देतो अजान' असं कुणी म्हटलं नाही. मदत किती करावी आणि कुठं थांबवावी, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

विमानतळांकडून माझी अपेक्षाही एवढीच आहे. तपासणीच्या वेळी आधी बसायला द्या, मग कुबड्या घ्या, आणि त्या यंत्रातून बाहेर आल्या की सगळ्यात आधी परत द्या. कुणालाही त्याच्या कुबड्यांपासून, पाण्यापासून आणि सामानापासून दूर ठेवून जाऊ नका. किती वेळ लागेल ते सांगा. लांबच लांब वाटेवर थोड्या थोड्या अंतरावर टेकायला बाक ठेवा. लहान विमानांना पायऱ्याच असतात, तिथं उचलून न्यायला चार माणसं बोलावण्यापेक्षा लिफ्टची गाडी किंवा उतार द्या. यातल्या निम्म्या गोष्टींना पैसा लागत नाही.

प्रवाशांनीही थोडं करायला हवं. तिकीट काढतानाच, किमान ४८ तास आधी, मदतीची नोंद करा. नुसतं 'व्हीलचेअर' म्हणू नका, पायऱ्या चढता येतात का, किती चालवतं, ते स्पष्ट सांगा. कडेचं आसन मागून घ्या. संकटकालीन दाराजवळची जागा आपल्याला मिळत नाही, त्यावर वाद घालू नका. उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी कुबड्या वरच्या कप्प्यात जातात, त्या कुठं ठेवल्या हे पाहून ठेवा. आणि पायाला नुकतंच प्लास्टर घातलं असेल, तर दोन दिवस तरी विमान टाळा किंवा डॉक्टरांना विचारा. उंचीवर पाय सुजतो आणि प्लास्टर आवळतं.

'मॅडम, आम्ही कुठं विमानानं जातो?' असं कुणी म्हणेल. खरं आहे. साताऱ्याहून विमान गाठायचं तर खंबाटकी ओलांडून पुण्याला जायचं, सांगलीहून कोल्हापूरला. विमानतळावर निदान नियम तरी आहेत, दंड तरी होतो. त्याआधीच्या एसटीची पहिली पायरी माझ्या गुडघ्याच्या वर येते. तिथं कुणाला दंड झाल्याचं मी ऐकलं नाही. पोलिओ देशातून गेला. २०११ नंतर नैसर्गिक पोलिओ विषाणूचा एकही रुग्ण सापडला नाही, ही आनंदाची गोष्ट आहे. माझ्यासारख्या कुबड्या पुढच्या पिढीत दिसणार नाहीत. पण महामार्गावरचे अपघात आहेत, मधुमेहानं जाणारे पाय आहेत, झिजलेले गुडघे आहेत. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक दिव्यांग नोंदले गेले. म्हातारपण धरलं, तर या यादीत आज ना उद्या आपलं सगळ्यांचं नाव आहे.

म्हणून विमानतळाकडं बोट दाखवताना मी घरातही पाहते. आमच्या किती मशिदींच्या वजूखान्यात कुबडी टेकवता येईल अशी कोरडी फरशी आहे? किती मंदिरांना पायऱ्यांशेजारी कठडा आहे? आमच्या कॉलेजांत दिव्यांग विद्यार्थ्यांची परीक्षा तरी तळमजल्यावर होते का?

रमजानमध्ये आपल्या गावांत इफ्तारची निमंत्रणं सुरू होतात. हिंदू, मुस्लिम, जैन, सगळे एका दस्तरखानावर बसतात. ही आपल्या भागाची जुनी, चांगली रीत. मलाही बोलावणी येतात. हॉल बहुधा पहिल्या मजल्यावर असतो. जिन्याखाली चार उत्साही मुलं उभी असतात, "उचलून नेतो, मॅडम." त्यांचं मन स्वच्छ असतं, मी त्यांना कधी रागावत नाही. पण बोलावलेलं माणूस आणि उचलून आणलेलं माणूस यांत फरक असतो, हे त्यांना सांगायला हवं. मी ते आजवर हसण्यावारी नेत आले.

यंदा सांगितलं. एका कार्यकर्त्याचा फोन आला, "मॅडम, येणार ना?" मी विचारलं, "हॉल कितव्या मजल्यावर?" पलीकडं क्षणभर शांतता. मग तो म्हणाला, "मॅडम, तुम्हीच सांगा, कुठं ठेवू?"

खाली, अंगणात ठेव म्हटलं. जिन्याच्या भीतीनं घरी बसणाऱ्या कुणाच्या तरी आजीही येतील.